साडेसात इंच कुठं गेले?

वाचकांचे प्रश्न, या महिन्याचा विषय : पाणी

गेल्या अंकात मी गच्चीवरच्या टबाचा ओझरता उल्लेख केला आणि टपाल एकदम वाढलं. चुलीवरच्या दुधापासून वास्तुशांतीपर्यंत सगळे प्रश्न बाजूला ठेवून या वेळी फक्त पाण्याची पत्रं घेतली आहेत. मी इरिगेशनमध्ये सब-इंजिनियर होतो, शास्त्रज्ञ नव्हे. तेव्हा उत्तरांत जिथं आकडे आहेत तिथं ते तपासून घ्या, जिथं मतं आहेत तिथं भांडा.

प्रश्न : काका, आपल्या इंदूरचे पेपर पाऊस इंचांत छापतात. सरासरी सदतीस-साडेसदतीस इंच. एखाद्या वर्षी तीस पडला तर तूट फक्त पाचव्या हिश्श्याची. पण त्या वर्षी तलावांत निम्मंही पाणी दिसत नाही. आमच्या सोसायटीत यावरून वाद झाला. एक जण म्हणतो गळती, दुसरा म्हणतो चोरी. साडेसात इंचांनी एवढा फरक कसा पडेल?
— एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : चोरी म्हणणाऱ्यांना अर्धे गुण द्या. चोर आहे, पण तो दिवसाढवळ्या डोक्यावर असतो आणि त्याचा हप्ता ठरलेला असतो. गोम त्या ठरलेल्या हप्त्यातच आहे.

आधी कुलर बघा. आमच्याकडे जुना पत्र्याचा आहे, गवताच्या जाळ्यांचा. मे महिन्यात रात्री टाकी काठोकाठ भरून झोपलो तर पहाटे पंप कोरडा घरघरायला लागतो. तोच कुलर ऑगस्टमध्ये लावला तर रात्रभरात बोटभरही पाणी उतरत नाही, वर अंगाला चिकचिक. ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा मिळून पाणी मागतात. ती मागणी मे महिन्यात राक्षसी, ऑगस्टमध्ये माफक. पण मागणी कितीही असली तरी टाकीत असेल तेवढंच उचललं जाणार. नदीच्या खोऱ्याची टाकी म्हणजे माती. ओल्या मातीवरून, तळ्यांवरून पाणी उडतं ते बाष्पीभवन. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून जातं ते पर्णोत्सर्जन. पुस्तकं दोन्ही जोडून एक लांबलचक शब्द करतात, मी आपलं ‘उडणं’ म्हणतो.

उडणं मोजायला मी गच्चीवर पत्र्याचा टब ठेवला आहे. वेधशाळेतला असतो चार फूट व्यासाचा आणि दहा इंच खोल. माझा त्यापुढे घंगाळ वाटेल असा, त्यामुळे माझे आकडे थोडे फुगलेले येतात. रोज सकाळी साडेआठला खुणेपर्यंत पाणी आणायचं आणि किती ओतावं लागलं ते वहीत लिहायचं. मे महिन्यात दिवसाला दहा-बारा मिलिमीटर, ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत दोन-तीन. पहिल्याच उन्हाळ्यात एके दिवशी एकवीस भरले. मी लाल शाईनं लिहिले, बायकोला हाक मारून दाखवले. दोन दिवसांनी लवकर वर गेलो तर टबात पाच-सहा कबुतरं सहकुटुंब अंघोळ करत होती. वेधशाळेच्या टबावर तारेची जाळी का असते ते तेव्हा कळलं. लाल शाईचा आकडा खोडला नाही, पुढे फक्त ‘कबुतरं’ असं लिहून ठेवलं.

आता जून. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात हे तुम्ही शेतातून जाताना पाहिलं असेल. त्या किती खोल असतात ते मात्र वाकून पाहिलेलं नसेल. सांवेरकडे एका शेतात मी स्टीलची मोजपट्टी सोडली होती, ऐंशी सेंटिमीटरपर्यंत सरळ गेली आणि मग अडली. जूनचे पहिले पाऊस या भेगा पितात. नाल्याला ओल दिसते, धार दिसत नाही. मीटरभर खोलीची काळी माती पिकाच्या उपयोगी पडेल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते, म्हणजे सहा ते आठ इंच. शिवाय भरत असतानाच वरून रोजचं उडणं चालू असतं. जमिनीचा हा वाटा आधी, नदीचा नंतर.

याचा हिशेब आपल्याच बाजूला, नागपूरजवळ, दीडशे वर्षांपूर्वी मांडला गेला आहे. अलेक्झांडर बिनी या इंग्रज इंजिनियरनं १८६९ आणि १८७२ या सालांत सोळा चौरस किलोमीटरच्या एका लहान खोऱ्यातला पाऊस आणि वाहून आलेलं पाणी मोजलं आणि त्यावरून कोष्टक केलं. ते मध्य प्रदेशात आणि विदर्भात पुढे कित्येक वर्षं वापरात राहिलं. आमच्या ऑफिसच्या भिंतीवरही टाचलेलं होतं. त्यात वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस असेल तर ३४ टक्के पाणी वाहून येतं. ७०० असेल तर २५ टक्के. ५०० ला फक्त १५.

लोक चुकतात ते इथं. टक्केवारी कमी होते ती आधीच कमी झालेल्या पावसाची. ९०० चे ३४ टक्के म्हणजे ३०६ मिलिमीटर. ७०० चे २५ टक्के म्हणजे १७५. पाऊस घटला बावीस टक्क्यांनी, वाहतं पाणी घटलं त्रेचाळीस टक्क्यांनी. दुसऱ्या बाजूनं पाहा. ९०० पैकी जमिनीकडे राहिले ५९४, आणि ७०० पैकी ५२५. दोनशेची तूट आली त्यात जमिनीनं सोसले एकोणसत्तर आणि नदीच्या माथी मारले एकशे एकतीस. कुटुंबात पगार कमी झाला तर घरभाडं आणि दूध तेवढंच राहतं, कात्री बँकेत जाणाऱ्या पैशाला लागते. तलाव हा त्या बँकेतल्या पैशावर जगतो. तुमचे साडेसात इंच तिथंच गेले.

वर एक दृष्टिभ्रमही आहे. पेपरात तलावाची पातळी फुटांत येते. पण तलाव म्हणजे हौद नव्हे, पसरट कढई. कढई निम्म्या उंचीपर्यंत भरली म्हणजे पाणी निम्मं नसतं, साधारण पाव असतं. म्हणून पातळीचा आकडा वरच्या बाजूला थोडा हलला तरी पाणी पुष्कळ हललेलं असतं.

गळती नसते असं नाही. पण गळती शोधायला निघण्याआधी एवढं वजा करा, मग उरेल त्याचा आळ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर घ्या.

माझीही एक कबुली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शाजापूर बाजूच्या एका लहान तलावाचा अंदाज माझ्याकडे आला. नियम असा की चारपैकी तीन वर्षं हमखास मिळेल एवढंच पाणी धरायचं. मी मार्चअखेरच्या घाईत सरासरी पाऊस घेतला, त्याला टक्केवारीनं गुणलं आणि कागद पुढे सरकवला. सही झाली. गावचा म्हातारा पटेल पाळीवर उभा राहून म्हणाला होता, ‘साहेब, पाळ उंच झाली, नाला तेवढाच आहे.’ मी हसलो होतो. पहिल्या सात वर्षांत तो तलाव दोनदा भरला. आगर रोडनं जाताना अजूनही मी गाडीत उजवीकडे बघायचं टाळतो.

नळाला यातलं काही कळत नाही, कारण १९७८ पासून आपण जलूदहून नर्मदा वर चढवून आणतो, सत्तर किलोमीटरवरून, चारशे मीटरहून अधिक उंची चढवून. नाही तर प्रत्येक इंदूरकराला बिनीचं कोष्टक तोंडपाठ असतं.

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. करतो. आम्हाला बुडिकोचा वक्र शिकवला. पाऊस आणि उन्हाची मागणी, एवढ्या दोन आकड्यांवर म्हणे कुठल्याही खोऱ्याचा वार्षिक हिशेब निघतो. माळव्यात पाऊस इतका बेभरवशाचा असताना हे सूत्र कसं चालेल? की परीक्षेपुरतंच आहे?
— एक विद्यार्थी, देवास

उत्तर : परीक्षेपुरतं नाही, पण पंचांगासारखं वापरायचंही नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खोऱ्यातून जेवढं उडतं त्याला दोन छपरं आहेत. पडलेल्या पावसाहून जास्त उडणार नाही, कारण पाणीच नाही. आणि उन्हाच्या मागणीहून जास्त उडणार नाही, कारण उडवायला ताकदच नाही. वाळवंट पहिल्या छपराला डोकं टेकवून असतं, चेरापुंजी दुसऱ्या. बाकी सगळे मधे. जर्मनीत श्रायबर यांनी १९०४ मध्ये, रशियात ओल्डेकोप यांनी १९११ मध्ये या मधल्या लोकांसाठी एकेक वक्र काढला. सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी दोघांचा मध्य घेतला, आणि नाव त्यांचं राहिलं.

आता आपला आकडा घालून बघा. पाऊस ९५० मिलिमीटर, म्हणजे तेच साडेसदतीस इंच. मागणी हिशेबापुरती १,७०० धरू. सूत्र म्हणतं, ८२६ उडतील, १२४ नदीला मिळतील. आणि वरच्या उत्तरातलं बिनीचं कोष्टक याच पावसाला साडेतीनशेच्या जवळपास देतं. तिप्पट फरक! मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं गुणाकार चुकला.

गुणाकार बरोबर होता. सूत्रात साठा नाही आणि ऋतूही नाहीत, घोळ तिथं आहे. ते गृहीत धरतं की पाऊस आणि ऊन वर्षभर एकमेकांना भेटत राहतात. आपल्याकडे ते भेटतच नाहीत. पाऊस येतो तेव्हा ढग असतात, मागणी दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. मे महिन्यात मागणी बारा, आणि टाकी रिकामी. जुलै-ऑगस्टचा पाऊस मे महिन्याच्या उन्हापर्यंत पोचवायचा तर तो मधे कुठं तरी ठेवावा लागेल. मातीच्या खिशात मावतो दीडशे-दोनशे. खिसा भरला की उरलेला पाऊस उन्हाची वाट बघत थांबत नाही, नाल्याला लागतो. म्हणून आपल्या नद्या सूत्रापेक्षा जास्त वाहतात, आणि पावसाळ्यातच वाहून मोकळ्या होतात. मिली नावाच्या अमेरिकी जलशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये हेच गणितानं मांडलं की मातीची साठवण आणि पावसाचं ऋतुमान हे दोन घातले की वक्रापासून खोरी का सरकतात ते बरंचसं कळतं. तुमच्या प्राध्यापकांकडून तो निबंध मागून घ्या. जड आहे, पण पहिली चार पानं वाचली तरी पुरे.

आणि दुसरी अट विसरू नका. हा हिशेब बऱ्याच वर्षांच्या सरासरीचा आहे. लांब मुदतीत साठ्याची वधघट शून्य धरता येते. एका वर्षात धरता येत नाही. मागच्या वर्षी विहिरी तळाला गेल्या असतील तर यंदाचा पाऊस आधी ते जुनं देणं फेडणार, मग नदीकडे बघणार. आपला काळा पाषाण या बाबतीत फार कोता आहे. मुरमाच्या थरातही पाण्यासाठी जागा घनफळाच्या दोन टक्के धरतात. म्हणजे १०० मिलिमीटर पाणी मुरलं की विहीर पाच मीटर वर. गाववाले खूश होतात. पण उपसायला लागलं की तितक्याच वेगानं पाच मीटर खाली. गाळाच्या प्रदेशातल्या विहिरीसारखी चार वर्षांची शिल्लक इथं नसते. तुमच्या देवासला १९९० साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, घरी विचारा, आठवणारे असतील.

आता बेभरवशाचं. सूत्र तेच ठेवा, आकड्याचं भांडण बाजूला ठेवून फक्त आकार बघा. पाऊस वीस टक्क्यांनी घटवा, ७६० करा. नदीला १२४ ऐवजी ६४ मिळतात. वीस टक्क्यांनी वाढवा, ११४० करा. मिळतात २०२. घटीच्या वर्षी साठ गेले, वाढीच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर आले. कागदावर नदी फायद्यात! म्हणून सरासरी पावसाची नदी आणि नद्यांची सरासरी या दोन गोष्टी वेगळ्या, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

पण तलावाला विचारा. त्याला वरून सांडवा आहे. चांगल्या वर्षीच्या अठ्ठ्याहत्तरांतले निम्मे सांडव्यावरून चंबळ-यमुनेकडे निघून जातात. वाईट वर्षीचे साठ मात्र पूर्णच्या पूर्ण गेलेले असतात. फायद्याला सांडवा, तोट्याला सांडवा नाही. पाऊस जितका वरखाली उड्या मारेल तितकं हे नुकसान वाढतं, सरासरी तसूभरही न बदलता. ‘सरासरी पाऊस कमी झालेला नाही’ असं कोणी भाषणात सांगितलं की मी टाळ्या वाजवत नाही, त्याचं कारण हे.

तारखांचा खेळ तर आणखी निराळा. दोन वर्षं मनात धरा, दोन्हींत ९५० च. एका वर्षी पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हप्त्याहप्त्यानं आला. दुसऱ्या वर्षी जुलैत आठ दिवसांत चारशे कोसळला आणि ऑगस्टअखेर आकाश पुसून स्वच्छ. पेपरात दोन्ही वर्षं ‘सामान्य’. दुसऱ्या वर्षी तलाव तुडुंब, फोटो छापले गेले. आणि ऑक्टोबरात गहू पेरणाऱ्याच्या हाताला माती कोरडी लागते. पहिल्या वर्षी उलट. कुठलं वर्ष चांगलं, हे तुम्ही तलावावर जगता की शेतावर, यावर आहे.

प्रश्न : वडिलांच्या काळी आमच्या शेतात बोअरिंग नव्हतं, तरी गहू व्हायचा. आता सोयाबीननंतर गव्हाला चार पाणी दिल्याशिवाय काही हाती येत नाही. वीस बाय वीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं करायचं म्हणतो. उन्हाळ्यापर्यंत किती पाणी टिकेल?
— एक शेतकरी वाचक, धार

उत्तर : वडिलांच्या काळी तुमचं शेततळं होतं, फक्त दिसत नव्हतं. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचे, वखरत राहायचे. उघड्या काळ्या रानाचा वरचा थर वाळतो आणि खालचं पाणी झाकून ठेवतो. ऑक्टोबरात मीटरभर खोल ओल शिल्लक, त्यावर मालवी गहू. बाफल्यांचा तोच गहू. उत्पन्न बेताचं, पण पाणी शून्य. सत्तर-ऐंशीच्या दशकात सोयाबीन आलं आणि पावसाळ्याचं रान पिकाखाली गेलं. सोयाबीन हंगामात चार-साडेचारशे मिलिमीटर उडवतं. पैसा मिळाला, त्याबद्दल कोणी का रडावं? पण ज्या ओलीवर गहू यायचा ती आता सोयाबीन पिऊन जातं, आणि गव्हाची तहान बोअरिंगच्या खात्यावर पडते.

आता तळं. कड दीडास एक उताराची धरली तर तळाला अकरा बाय अकरा मीटर उरतात आणि एकूण पाणी भरतं ७४१ घनमीटर, म्हणजे सात लाख एकेचाळीस हजार लिटर. मोठं वाटतं. गव्हाला एक पाणी साठ मिलिमीटरचं धरलं तर हे सगळं मिळून तीन एकरांचं एकच पाणी. मे पर्यंत ठेवलंत तर आपल्याकडे ऑक्टोबरपासून मीटरभर पाणी सहज उडतं, आणि वरच्या एका मीटरमध्ये ७४१ पैकी ३४३ असतात. जवळजवळ निम्मं. तळाला कागद अंथरून मुरणं थांबतं, उडणं थांबत नाही.

म्हणून माझा सल्ला, साठवू नका, वापरा. सप्टेंबरात पावसानं दडी मारली आणि सोयाबीनच्या शेंगा भरायच्या असतील तर तेव्हा एक पाणी द्या. नाही तर ऑक्टोबरच्या शेवटी गव्हाच्या पेरणीला. एकदा पाणी मातीत गेलं की त्याच्यावर ऊन थेट पडत नाही, पुढचं पीक स्वतः काढून घेतं. दुसरं, जागा तेवढीच असेल तर लांबी-रुंदी वाढवण्यापेक्षा खोली वाढवा, मुरूम लागेपर्यंत. तिसरं, सगळ्या रानात एकाच वेळी सोयाबीन नको. दोन एकर पावसाळ्यात मोकळे ठेवून मालवी गहू करून बघा. बाजारात या गव्हाला दलिया-रव्यासाठी गिऱ्हाईक आहे. वडील असतील तर त्यांनाच विचारा वखर किती वेळा फिरवायचे.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात झाडं लावायचं ठरलंय. एक ताई म्हणतात झाडांनी नदी जिवंत होते. माझा भाचा म्हणतो झाडं नदीचं पाणी पितात. खरं काय?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : वहिनी, भाच्याला आधी चहा द्या, त्याच्या बाजूनं पुरावा जड आहे. बॉश आणि ह्यूलेट या दोघांनी १९८२ मध्ये जगभरच्या ९४ खोऱ्यांतले प्रयोग एकत्र मांडले. झाडी कमी केली की वाहतं पाणी वाढतं, झाडी वाढवली की घटतं. निलगिरी आणि सूचिपर्णी वृक्षांखालचं क्षेत्र दहा टक्क्यांनी बदललं तर वर्षाच्या पाण्यात साधारण चाळीस मिलिमीटरचा फरक, पानझडी वृक्षांना पंचवीस, झुडुपांना दहा. झाडाची मुळं खोल जातात, म्हणून गवत वाळून गेल्यावरही ते उडवत राहतं.

ताईंच्या बाजूनंही सांगतो. उघड्या, गुरांनी तुडवलेल्या टेकडीवर पाणी मुरतच नाही, तासाभरात सगळं खाली. तिथं झाडोरा आला की वर्षाचं एकूण पाणी कदाचित घटेल, पण जे येईल ते पूर म्हणून न येता ऑक्टोबर-नोव्हेंबरातही झिरपत येऊ शकतं. शिवाय माती जागेवर राहते. जानापावच्या डोंगराकडे गेलात, जिथून चंबळ निघते, तर उघडा उतार आणि झाडीचा उतार यांच्या खालचे ओहोळ शेजारी शेजारी बघा. कोणाची धार केव्हा तुटते ते ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात जाऊन पाहायचं. मंडळाची सहल होईल.

लावायचंच तर आपल्या मातीतलं लावा. साग, पळस, सालई उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा दुकान बंद. निलगिरी बारा महिने उघडं. आणि पत्रिकेत ‘नदीसाठी वृक्षारोपण’ छापू नका, ‘सावलीसाठी’ छापा. ते वचन तरी पाळलं जाईल.

प्रश्न : हे सगळं परदेशी लोकांची नावं घेऊन सांगण्याची गरज काय? आपल्या पूर्वजांना पावसाचं शास्त्र पूर्ण ठाऊक होतं.
— एक ज्येष्ठ वाचक, रामबाग

उत्तर : पूर्ण नाही, पण जेवढं होतं ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगलं होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. प्रदेशवार मापंही आहेत आणि अवंतीला, म्हणजे आपल्याच उज्जैनच्या मुलुखाला, तेवीस द्रोण दिले आहेत. मला खरं कौतुक पुढच्या ओळीचं वाटतं. पावसाचा एक तृतीयांश पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून, दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत, असं झालं तर साल चांगलं. एकूण किती यावर न थांबता केव्हा किती, हे त्यांनी विचारलं. मघाच्या देवासच्या विद्यार्थ्याला मी चार परिच्छेदांत जे सांगितलं ते हेच.

नव्हतं ते हे, की पडलेला पाऊस आणि वाहती नदी एकाच वहीत जमा-खर्च म्हणून लिहिणं. ते १६७४ मध्ये पिएर पेरॉ या फ्रेंच गृहस्थानं केलं. सीन नदीच्या वरच्या खोऱ्याचा हिशेब मांडून त्यानं दाखवलं की पाऊस नदीच्या पाण्याच्या सहापट आहे. म्हणजे नदीला पुरून उरतो, पाताळातून काही यावं लागत नाही. नावं परदेशी आहेत खरी. नागपूरचं खोरं मात्र आपलं होतं.

प्रश्न : आजोबा, आमचा कुलर रोज चार बादल्या पाणी पितो. ते पाणी पावसातून आपल्याला परत मिळतं का?
— सातवीतली एक वाचक, वैशालीनगर

उत्तर : आपल्यालाच असं नाही गं. वाफ हवेत साधारण आठ-दहा दिवस राहते आणि मे महिन्यात आपल्याकडचा वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. तेव्हा तुझ्या चार बादल्या पूर्वेच्या कोणा मुलीच्या गच्चीवर पडत असतील. आपल्याकडे जुलैत पडतं त्यातलं पुष्कळसं समुद्रावरून आलेलं असतं.

पण एक गोष्ट उडून जात नाही. कुलरच्या जाळीवर पांढरं खरखरीत काही तरी साठतं ना, ते नखानं खरवडून बघ. ते पाण्यातले क्षार. पाणी गेलं, ते मागे राहिले. म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, नाही तर डासही होतात. आणि ते उरलेलं पाणी तुळशीला घालू नकोस, त्यानं अंगण धू.